पहिल्यांदा स्कीइंग: गुलमर्ग, औली, सोलांग की सरळ बाहेर?

प्रश्न असा आहे: पुण्याचं चौघांचं कुटुंब, नवरा-बायको चाळिशीतले, मुलगी १३ची, मुलगा ९चा, पायात स्की कोणीच कधी घातलेली नाही. सुट्टी नाताळ ते एक जानेवारी एवढीच. समोर चार नावं आहेत, गुलमर्ग, औली, सोलांग, नाहीतर एखादी एफडी मोडून स्वित्झर्लंड. कुठे जावं?

नावांकडे येतोच, पण आधी तुमच्या तारखेबद्दल बोलू कारण खरी अडचण तिथे आहे. माझे हिवाळे याच कामात जातात, पहिल्यांदा येणाऱ्यांना शिकवायचं आणि ग्रुप घेऊन जायचे, आणि लोक काय करतात तर हॉटेलच्या खिडकीतून कुठला डोंगर दिसतो आणि गंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे, किती उंच जातो यावर रात्र रात्र घालवतात पण त्या आठवड्यात तिथे बर्फ असतो का हे विचारायचं राहून जातं. आपल्याकडे हिमालयात बर्फ पडतो तो वेस्टर्न डिस्टर्बन्समुळे, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या वादळी हवेमुळे, आणि ती कधी येईल, किती जोरात येईल याचं वेळापत्रक नसतं. काश्मीरमध्ये कडाक्याचे ४० दिवस, ज्याला ते लोक चिल्लई कलान म्हणतात, ते सुरूच होतात २१ डिसेंबरला. तुम्ही पोचणार २५ला. म्हणजे थंडी भरपूर असेल पण उतारावर स्की चालवण्याइतका जाड थर बसायला अनेकदा जानेवारी उजाडतो. २०२३-२४चा हिवाळा आठवत असेल, जानेवारीतसुद्धा गुलमर्गचं कुरण तपकिरी, त्याचे फोटो सगळीकडे फिरत होते, बर्फ आला तो महिना संपताना. आणि २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा भाग फेब्रुवारीत व्हायचा होता तो बर्फ नाही म्हणून मार्चमध्ये घ्यावा लागला. त्यामुळे फेब्रुवारी म्हणजे गॅरंटी असंही नाही, पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापेक्षा जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य हा सौदा कधीही चांगला.

आता तुम्ही म्हणाल शाळा. मान्य. पण मुलगा चौथीत आणि मुलगी आठवीत असताना २६ जानेवारीला जोडून चार-पाच दिवस शाळा बुडली तर आकाश कोसळत नाही, बाईंना एक अर्ज द्यायचा. मुलगी दहावीला गेली की मग हे सगळंच बंद, त्यामुळे करायचं तर याच एक-दोन वर्षांत करा. शिवाय नाताळच्या आठवड्यात तुम्हाला मिळतं काय तर वर्षातले सगळ्यात महाग दर, सगळ्यात लांब रांगा आणि दिल्लीचं धुकं. पुण्याहून श्रीनगरला बहुतेक वेळा दिल्लीवरूनच जावं लागतं आणि तिथे सकाळची विमानं धुक्यात अडकली की श्रीनगरची पुढची फ्लाइट गेली. जानेवारीतही धुकं असतंच म्हणा, पण निदान त्या दिवशी अख्खा देश एअरपोर्टवर नसतो.

तर तारीख हलत असेल आणि नसेल अशी दोन उत्तरं आहेत. पण त्याआधी रिसॉर्टमध्ये बघायचं काय ते सांगतो, कारण हे कळलं की नावं तुमची तुम्हीच गाळाल.

पहिल्या तीन दिवसांत तुम्ही डोंगर वापरतच नाही. तळाशी दोनशे मीटरचा एक पट्टा असतो आणि सगळं आयुष्य तिथेच जातं. त्यामुळे किती किलोमीटरचे उतार आहेत, सगळ्यात वरचा पॉइंट किती मीटरवर आहे, हे आकडे तुमच्यासाठी बिनकामाचे आहेत. मी तीन गोष्टी बघतो. उताराच्या शेवटी सपाटी आहे का, म्हणजे शिकणाऱ्याला थांबता आलं नाही तरी स्की आपोआप थांबेल अशी जागा आहे का, की खाली कुंपण, पार्किंग आणि चहाची टपरी आहे. दुसरं, वर परत जायची सोय काय. मॅजिक कार्पेट असेल, म्हणजे बर्फातला सरकता पट्टा, तर नऊ वर्षांचा मुलगा सकाळभरात वीसेक फेऱ्या सहज मारेल, आणि स्की खांद्यावर टाकून चालत चढायचं असेल तर चौथ्या फेरीला तो रडेल आणि सहाव्या फेरीला त्याचे बाबा. तिसरं म्हणजे त्या पट्ट्यातून वरचे लोक सुसाट खाली येतात का. नवख्यांची जागा बाजूला, वेगळी पाहिजे. मागून कोणीतरी येऊन आदळलं तर नवख्याला चांगलंच लागतं.

रंगांबद्दल पण एक, कारण नकाशे बघून लोक गोंधळतात. युरोपात निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड, आणि काही देशांत निळ्याच्याही खाली हिरवा. ढोबळ नियम असा की निळा उतार २५ टक्क्यांच्या आत आणि लाल ४० टक्क्यांच्या आत. अमेरिकेत मात्र हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा अवघड, म्हणजे अमेरिकेतला निळा हा युरोपातल्या निळ्यासारखा नाही. आपल्याकडे भारतात असे रंग लावून, रोज रात्री मशीनने सारखे केलेले उतार जवळपास नाहीतच, आणि हा फरक किती मोठा आहे ते तिथे गेल्यावरच कळतं. दाबून सारख्या केलेल्या बर्फावर नवखा माणूस तिसऱ्या दिवशी वळायला लागतो, मऊ गुडघाभर बर्फात तोच माणूस नुसता उठतो आणि पडतो.

आता नावं घेऊ.

गुलमर्ग. २,६५० मीटर, श्रीनगरपासून साधारण पन्नास किलोमीटर, टंगमर्गपासून वरचा घाट हिवाळ्यात चेन लावलेल्या गाडीनेच करायचा. गंडोलाचे दोन टप्पे आहेत, पहिला कोंगदूरीपर्यंत, तीन हजार मीटरच्या थोडा वर, दुसरा अफरवटवर जवळपास ३,९५० मीटरला. जगभरातले लोक गुलमर्गला येतात ते या दुसऱ्या टप्प्यासाठी, तिथला मोकळा, कोरडा, पावडर बर्फ त्यांना पाहिजे असतो, आणि तोच भाग तुमच्यासाठी नाही, हे मला ठासून सांगायचंय. तिथे तयार केलेले उतार नाहीत, स्की पेट्रोलची, म्हणजे डोंगरावर गस्त घालणारी, माणसं एका ठरावीक भागापुरतं हिमस्खलनाचं बघतात आणि त्याच्या बाहेर तुमचं तुम्ही. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीअर तिथल्या हिमस्खलनांत गेले, आणि ही अनुभवी माणसं होती. बघायला म्हणून गंडोलाने वर जाऊन फोटो काढून गंडोलानेच खाली या, छानच आहे, फक्त श्रीनगरला उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी नको. पुणे ५६०वर, अफरवट ३,९५०वर, डोकं धरतं.

तुमच्यासाठी गुलमर्ग म्हणजे खालचं कुरण, जिथे ड्रॅग लिफ्ट आहेत, म्हणजे उभ्या माणसाला ओढत वर नेणाऱ्या. उतार हलका, खाली भरपूर सपाटी, आणि शिकवणारी माणसं खरंच चांगली, त्यांतले बरेच जण लहानपणी लाकडी फळ्या पायाला बांधून शिकलेले. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनियरिंग तिथलीच, १९६८ पासून, केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची, त्यांचे कोर्स स्वस्त आणि शिस्तीचे असतात, पण सुट्टीवर आलेल्या कुटुंबाला ते वेळापत्रक जमेलच असं नाही. म्हणून खाजगी इन्स्ट्रक्टर घ्या, दोन मुलांना एक आणि तुम्हा दोघांना एक. गाडीतून उतरल्या उतरल्या स्लेजवाले, घोडेवाले, गमबूटवाले आणि 'सर स्कीइंग करा दूँगा' म्हणणारे गराडा घालतील, त्यांच्यातला एखादा उत्तम असेलही, पण पर्यटन खात्याचं रजिस्ट्रेशन कार्ड बघायला मागा आणि दिवसाचे तास आधी ठरवा. ड्रॅग लिफ्टचं तेवढं लक्षात ठेवा, त्याच्यावर बसायचं नसतं. आपल्याकडचे सगळे खुर्ची समजून टेकतात आणि धप्पकन खाली. उभं राहायचं, गुडघे थोडे सैल, आणि त्याला ओढू द्यायचं.

काश्मीर म्हटल्यावर २२ एप्रिल २०२५च्या पहलगाम हल्ल्यानंतर घरात आजी-आजोबा काय म्हणतात ते मला माहिती आहे, आणि मी कोणाला 'काही होत नाही हो, चला' असं म्हणत नाही. महाराष्ट्रातली माणसं गेलीत त्यात. त्या वेळची सरकारी सूचना बघून तुमचं तुम्ही ठरवा, आणि मन तयार नसेल तर बाकीचे पर्याय आहेतच. जायचं ठरलं तर एक साधी गोष्ट, आपलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं, तेव्हा निदान एकाचा नंबर पोस्टपेड करून ठेवा.

औली. उतार म्हणाल तर शिकायला भारतातली सगळ्यात नीटस जागा असं माझं मत, देवदारांच्या वर लांब मोकळं कुरण आणि समोर नंदादेवी, ७,८१६ मीटर, ऊन पडलं की शिकायचं सोडून माणूस बघतच बसतो. २०११चे दक्षिण आशियाई हिवाळी खेळ इथे झाले होते. पण पोचणं. ऋषिकेशपासून जोशीमठपर्यंत अडीचशे किलोमीटरचा डोंगरी रस्ता, अख्खा दिवस गाडीत, ज्या मुलांना ताम्हिणीत उलटी होते त्यांना घेऊन नकोच. आणि जोशीमठहून वर जाणारा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये तिथली जमीन खचली तेव्हा बंद झाला, त्यामुळे तो धरून प्लॅन करू नका, वर जायला गाडीच धरा. बर्फाची बोंब इथेही आहे, २०२३ची फेब्रुवारीतली स्पर्धा बर्फाअभावी रद्द झाली होती. तुमच्या सात दिवसांतले जाण्या-येण्याचे चार गेले तर उरले तीन. तुमच्यासाठी नाही. कॉलेजची मुलं असतील तर जरूर, गढवाल मंडल विकास निगमचे, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यटन महामंडळाचे, कोर्स करून या.

सोलांग. मनालीपासून तेरा-चौदा किलोमीटर, आणि नाताळच्या आठवड्यात हे तेरा किलोमीटर तीन तासांचे होतात. तिथे जे 'स्कीइंग' विकतात ते बघा काय असतं: भाड्याचा झगा, कोणाचेतरी ओले बूट, एक माणूस तुमचे हात धरून उलटा चालत पन्नास फूट ओढत नेतो, फोटो, झालं. मजा म्हणून ठीक आहे, शिकणं नाही. मनालीची माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट, अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची, ती जानेवारी ते मार्च तिथेच खरे कोर्स घेते, ते दोन आठवड्यांचे असतात आणि उत्तम असतात. पण तुमच्या सुट्टीत न बसणारे.

म्हणजे तारीख हलली तर गुलमर्ग, सहा रात्री, त्यातले चार दिवस खालच्या कुरणात, एक दिवस गंडोला, आणि एक दिवस विमान चुकण्यासाठी राखीव. हा राखीव दिवस सगळे कापतात. कापू नका.

तारीख हलत नसेल तर देशाबाहेर बघा आणि त्यात स्वित्झर्लंडला शेवटी ठेवा. कारण सांगतो. डिसेंबरच्या शेवटाला जिथे बर्फ बनवायची यंत्रणा आहे तिथेच जावं. पाण्याचा फवारा थंड हवेत मारून बर्फ करतात, हवा कोरडी आणि शून्याच्या दोन-तीन अंश खाली असली की काम होतं, म्हणजे आभाळातून बर्फ नाही पडला तरी नवख्यांचा पट्टा तरी पांढरा राहतो. अल्माटीजवळचं शिमबुलाक यात मला तुमच्यासाठी सगळ्यात पटतं. भारतीयांना कझाकस्तानात १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, दिल्लीहून थेट विमान साडेतीन-चार तासांचं, शहरात हॉटेल घ्यायचं, सकाळी मेदेऊला जायचं, तिथून गंडोला तुम्हाला २,२६० मीटरच्या तळावर नेतो, स्की भाड्याने तिथेच, शिकवणारे तिथेच, संध्याकाळी परत शहरात. एखाद्या दिवशी मुलगी म्हणाली मला नाही जायचं, तर तिला करायला शहर आहे, हे तेरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत फार मोलाचं. एक तोटा म्हणजे थंडी चिक्कार, उणे दहा-पंधरा सहज, आणि सुट्टीच्या दिवशी अख्खं अल्माटी वर येतं.

जॉर्जियातलं गुडाउरी हल्ली फार ऐकू येतं. तिबिलिसीपासून १२० किलोमीटर, उतार रुंद, मोकळे, सगळ्यात वरची लिफ्ट ३,२००च्या पुढे. छान आहे, पण जवळपास सगळं झाडांच्या रेषेच्या वर, त्यामुळे ढग उतरले की जमीन आणि आभाळ एकाच रंगाचं होतं, उतार चढतोय की उतरतोय तेच कळत नाही, अनुभवी माणूससुद्धा उभ्या उभ्या पडतो. झाडं असली की डोळ्यांना धरायला काहीतरी मिळतं. लहान मुलं असतील तर त्याच देशातलं बाकुरियानी घ्या, झाडीतलं, हलक्या उतारांचं, शांत गाव. व्हिसाचे नियम तिकिटं काढायच्या आधी बघा, आणि हॉटेल, विमा, परतीचं तिकीट सगळं छापून जवळ ठेवा, बॉर्डरवर आपल्या लोकांना प्रश्न जास्त विचारतात.

आणि स्वित्झर्लंड. नाही म्हणत नाही मी, शिकायला जगात याहून चांगली सोय कमी ठिकाणी असेल. पण टूरवाल्यांच्या पत्रकात जी नावं आपण वाचतो, युंगफ्राऊयोख, टिटलिसचा माथा, ती बघायची ठिकाणं आहेत, शिकायची नव्हेत. टिटलिसला शिकायचं असेल तर माथ्यावर नाही, मधल्या ट्रुबसेला, तिथे नवख्यांचा पट्टा आहे. ग्रिंडेलवाल्डला गावालगत बोडमी आहे, झेरमाटला सुनेग्गावर मुलांची जागा आहे. आणि तिकडे ग्रुप क्लास बहुतेक ठिकाणी रविवारी किंवा सोमवारी सुरू होऊन आठवडाभर चालतात, आपण बुधवारी पोचलो तर मधे घुसता येत नाही, मग खाजगी शिकवणी आणि तिचे दर ऐकून आपली एफडी आठवते. शनिवारी पोचायचं, रविवारी क्लास, असं बसवता येत असेल आणि किचनवालं अपार्टमेंट घेऊन पोहे-खिचडी घरी करायची तयारी असेल तर जमतं. नुसतं एकदा करून बघायचंय म्हणून एवढा खर्च करू नका. आवडतंय की नाही हेच माहीत नसेल तर दुबईला जाता-येता मॉल ऑफ द एमिरेट्समधल्या स्की दुबईत एक दिवस घाला, आत कायम उणे एक-दोन अंश, तळाला नवख्यांचा भाग, तासा-दोन तासांत मुलांचा कल कळतो.

कुठेही गेलात तरी बूट. लोक स्कीच्या लांबीवर चर्चा करतात, नवख्याला हनुवटीपर्यंत आली की पुरे, पण सुट्टी बिघडवतो तो बूट. आपल्याकडची पद्धत म्हणजे थंडी आहे म्हणून दोन जाड लोकरी मोजे आणि बूट एक नंबर मोठा. दोन्ही चूक. एकच मोजा, पातळ, गुडघ्याखालपर्यंत येणारा, त्यात थर्मलची पँट खोचायची नाही, ती मोज्याच्या वर संपवायची, नाहीतर शिवण नडगीवर दिवसभर टोचते. बूट घालून सरळ उभं राहिलं की अंगठा पुढे टेकला पाहिजे, गुडघे वाकवून नडगी पुढच्या जिभेवर दाबली की अंगठा सुटला पाहिजे, आणि टाच उचलायला गेलं तर उचलता कामा नये. मुलगा म्हणेल खूप घट्ट आहे. स्कीचा बूट असतोच तसा. पण पाच मिनिटांनी मुंग्या आल्या तर मात्र बदला. आणि दुकानदाराने वजन, उंची, वय विचारलं नाही तर तुम्हीच सांगा, पडल्यावर स्की पायातून किती जोराला सुटायची ते त्यावरून सेट करतात, ते चुकलं की गुडघा जातो. हेल्मेट चौघांनाही, वाद नको.

विमा काढताना स्कीइंग कव्हर आहे का ते लेखी विचारा. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट्स बहुतेक वेळा वगळलेले असतात, वेगळं अ‍ॅड-ऑन घ्यावं लागतं, आणि आल्प्समध्ये हेलिकॉप्टर आलं तर बिल तुमच्याच नावावर येतं.

बुकिंगच्या आधी तिथल्या हॉटेलला फोन करून नवख्यांची जागा दारापासून किती मिनिटं चालत आहे ते विचारा, किलोमीटर नका विचारू, स्कीचे बूट घालून पाचशे मीटर चालणं म्हणजे शिक्षा आहे. आणि तुम्ही शेवटी नाताळातच जाणार असाल तर भाड्याच्या दुकानाला चौघांची मापं आत्ताच कळवून ठेवा, नऊ वर्षांच्या मुलाच्या पायाचे बूट त्या आठवड्यात सगळ्यात आधी संपतात.